कवरत्तीत विहिरीचं पाणी मार्चपासून मचूळ लागतंय. आरओ घ्यावं की विहीर खोल करावी?

देवरुखकरीण

मंडळी, नमस्कार. ह्यांची बदली लक्षद्वीपला झाली आणि पावसाळा सरता सरता आम्ही कवरत्तीला बिऱ्हाड हलवलं. घर भाड्याचं आहे. अंगणात विहीर आहे, पण आपल्याकडची विहीर डोळ्यांसमोर आणू नका. गुडघाभर कठडा आणि वाकलं की हाताला लागेल इतक्या वर पाणी. तळाची पांढरी वाळू दिसते. डिसेंबरपर्यंत त्या पाण्याचा चहा छान व्हायचा. मार्च उजाडला आणि डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, तोंडात घेतलं की मचूळ. घरमालकांनी गेल्या वर्षी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसवली आहे, तिने सकाळी एकदाच गच्चीवरची टाकी भरून घेतो.

पिण्यासाठी नळाला गोडं पाणी येतं, समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लँट आहे तिथलं. पण ते ठरावीक वेळ आणि बेताचंच. कळश्या, पिंप भरून ठेवायचे. प्लँट दुरुस्तीला बंद पडला की पंचाईत.

घरात सासूबाई आहेत आणि पाच महिन्यांची मुलगी. माझे प्रश्न असे. कोचीहून आरओ मागवून विहिरीच्या पाण्याला लावावं का? सासूबाई म्हणतात आणखी दोन परस, म्हणजे दोन पुरुष उंचीएवढं, खोदा, खाली गोडं लागेल, देवरुखला असंच लागलं होतं. हे इथे चालेल का? आणि आमच्या गल्लीतली आठ-दहा घरं मिळून अर्ज करायचं म्हणताहेत. मराठी-हिंदी-इंग्रजी लिहिणारी म्हणून मला पुढे केलंय. मागायचं काय, हेच कळत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

मालवणचो

ताई, आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याला चारी बाजूंनी समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्हींना गोडं पाणी. किल्ल्यावरची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या तेच पितात. म्हणजे बेटावर गोडं पाणी मिळतं हे नक्की. तुमची विहीर चुकीच्या जागी असेल. चांगला पाणाड्या बघा आणि सासूबाई म्हणतात तसं खोल करा.

भूजलवाला

देवरुखकरीणताई, बाकी सगळं नंतर. विहीर खोल करू नका आणि घरमालकांनाही करू देऊ नका.

माझी नोकरी भूजलाची. निम्मी कोकणात गेली, आणि लक्षद्वीपच्या विहिरींवर काम करायची संधी मला मिळाली. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे चुकीचा सल्ला ऐकला तर विहीर काही वर्षांसाठी हातची जाते.

मालवणकर, किल्ल्याच्या बावींबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण तिथे खडक आहे. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत धरून राहतं, समुद्राला सहज आत शिरता येत नाही. कवरत्ती म्हणजे प्रवाळाची वाळू आणि प्रवाळाचाच सच्छिद्र दगड. नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडला की तो जागच्या जागी जिरतो. खालून समुद्र सगळ्या बेटाच्या पोटात भरलेला आहेच. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहतं. बेटाच्या मध्यावर हा थर जाड, किनाऱ्याकडे पातळ. तुमची विहीर ह्या थरात उतरलेली आहे. देवरुखला दोन परस खाली गेलात तर खडकातला पुढचा झरा लागेल. इथे दोन परस खाली गेलात तर समुद्राच्या दिशेने गेलात.

आता मोटरचं. ह्या थराचा एक हिशेब आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा जितकी वर, त्याच्या साधारण चाळीसपट गोडं पाणी समुद्रपातळीच्या खाली असतं. हा पुस्तकी आकडा. प्रत्यक्षात मधे गोडं-खारं मिसळलेला पट्टा असतो, त्यामुळे पिण्याजोगा थर बराच कमी भरतो. पण हिशेबाची उलटी बाजू फार महत्त्वाची आहे. वरून पातळी इंचभर उतरली तर खालचं खारं पाणी तीन फुटांच्या वर चढू पाहतं. पोहऱ्याने पाणी काढत होते तेव्हा विहीर हळूहळू उतरायची आणि बाजूने भरून निघायची. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर तासाला हजार-दीड हजार लिटर ओढते. सकाळी एका दमात टाकी भरता तेव्हा विहिरीच्या बरोबर खाली खाऱ्याचा उंचवटा तयार होतो. तो चढतो झटकन आणि खाली बसायला खूप वेळ घेतो. मार्चमध्ये पावसाची भर नसते, त्यामुळे बसतच नाही.

पटत नसेल तर घरच्या घरी बघा. रिकाम्या बाटलीला दगड बांधा, तोंडाला सैल बूच आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाशी सोडायची, बुचाची दोरी हिसकायची, भरली की वर काढायची. दुसरी बाटली पाण्याच्या वरच्या थरातून भरा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, त्याने दोन्ही मोजा. पहाटे, मोटर लावण्याआधी एकदा आणि मोटर बंद केल्यावर लगेच एकदा. भरती-ओहोटीप्रमाणेही आकडा हलेल, कारण विहिरीतलं पाणी समुद्राबरोबर वरखाली होतंच. आठवडाभर वहीत लिहून काढा आणि ती वही घरमालकांपुढे ठेवा. एकदा त्यांनी आकडे पाहिले की मोटरवरून वाद होत नाही, हा माझा अनुभव.

मोटर काढून टाका असं म्हणत नाही, म्हातारी माणसं आणि तान्हं मूल असताना पोहरा ओढत बसणं शक्य नाही. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची झडप, तळाशी असेल तर वर घ्या. रबरी नळी आणि तरंगतं पिंप वापरून तो पाण्याच्या पृष्ठभागाच्या वीतभर खालीच राहील असं करा. आणि टाकी एकदम न भरता दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी भरा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आरओबद्दल माझं मत स्पष्ट आहे, विहिरीला लावू नका. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. म्हणजे दहा लिटर पिण्यासाठी तीस-चाळीस लिटर जास्तीचा उपसा, तोही आधीच दमलेल्या विहिरीतून. वर ते टाकलेलं अधिक खारं पाणी मोरीतून वाळूत जिरणार आणि परत ह्याच थरात येणार. तुमच्या आणि शेजाऱ्यांच्याही.

पण ताई, खारटपणा ही तुमची मोठी काळजी नव्हेच. तो जिभेला कळतो. जे जिभेला कळत नाही ते संडासाच्या टाकीतून येतं. सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेला वस्ती 64 हजारांवर. घराला घर लागून, प्रत्येक घराची विहीर आणि प्रत्येक घराचा शोषखड्डा. आपण विहीर आणि शोषखड्डा यांत पंधरा मीटर अंतर सांगतो. तिथे परसदारच तेवढं नसतं. आणि अंतर असलं तरी वाळूत पाणी अगदी वर असल्याने गाळून निघायला जागाच मिळत नाही. विहिरीचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. तेच पाणी मी एचटूएसच्या तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलेलं आहे आणि दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट झालेलं पाहिलं आहे. बाटली काळी पडली म्हणजे मैल्याचा संसर्ग. तुमच्या विहिरीची ही तपासणी आधी करून घ्या. सोबत मैल्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेटही मोजून घ्या, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम.

हे बाळासाठी सांगतोय. अंगावर पीत असेल तर सहा महिन्यांपर्यंत पाणी द्यायचं नाहीच. पावडरचं दूध देत असाल तर विहिरीचं पाणी उकळूनही वापरू नका. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र आटून उलट वाढतं आणि तान्ह्या बाळांना ते फार घातक आहे. नळाचं गोडं पाणी उकळून तेवढं बाळासाठी बाजूला ठेवा.

माले_रिटर्न

भूजलवाल्या काकांनी विहिरीचं सांगितलं, मी प्लँटचं सांगतो. डिसेंबर 2014 ला मी मालदीवमध्ये, मालेतल्या एका हॉटेलच्या किचनला होतो. सगळं शहर समुद्राचं पाणी गोडं करून पितं. जुन्या विहिरींचं पाणी तोंडात घालायच्या लायकीचं उरलं नव्हतं. प्लँटच्या यंत्रणेत आग लागली आणि लाखावर माणसांचे नळ एका दिवसात कोरडे. दुकानांसमोर बाटल्यांसाठी रांगा, भांडणं. आम्ही भात शिजवायचा बंद केला, कागदी ताटल्या वापरल्या. मग आपल्या हवाईदलाची विमानं पाणी घेऊन उतरली, नौदलाची सुकन्या ही नौका आली, मागून दीपक हे जहाज आलं. तेव्हा जीव भांड्यात पडला.

म्हणून ताई, नळाला गोडं पाणी येतंय म्हणून विहिरीकडे दुर्लक्ष करू नका. आणि कवरत्तीचा प्लँट कोणत्या प्रकारचा आहे? आमच्याकडचा आरओ होता, तसाच का?

देवरुखकरीण

काका, तुमचं वाचून आधी मोटरची वेळ बदलली. घरमालक ऐकतील असं वाटतंय. बाटलीची कृती सासूबाईंनीच केली, वरचं आणि तळाचं पाणी चाखून बघितलं आणि खोल खोदायचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला! मीटर मागवलाय.

आता अर्जाचं सांगा. गल्लीत कुणी म्हणतं दुसरा प्लँट मागू, कुणी म्हणतं नळाची वेळ वाढवून मागू. पावसाचं पाणी साठवा असं मी सुचवलं तर दोघी म्हणाल्या, पत्र्याचं पाणी वास मारतं आणि डास होतात.

भूजलवाला

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

माले_रिटर्न, कवरत्तीचा प्लँट आरओ नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तो 2005 मध्ये सुरू केला. तिथे बेटाजवळच समुद्र एकदम खोल जातो. किनाऱ्यापासून काहीशे मीटरवर साडेतीनशे मीटर खोली मिळते, आणि त्या खोलीवरचं पाणी वरच्यापेक्षा साधारण पंधरा अंशांनी थंड असतं. वरचं 28 अंशांचं कोमट पाणी एका बंद भांड्यात घेतात, आतला दाब इतका उतरवतात की त्या तापमानालाच त्याची वाफ होते, आणि ती वाफ खालच्या गार पाण्याने थंड करून गोडं पाणी मिळवतात. रसायनं नाहीत, पडदे बदलणं नाही, अतिखारं पाणी प्रवाळावर सोडणं नाही. घेतलेल्या पाण्यातला शंभरात जेमतेम एक भाग गोडा होतो, बाकीचं किंचित गार होऊन समुद्रात परत. तिथल्या खाजणाच्या, प्रवाळाच्या दृष्टीने फार विचारपूर्वक केलेलं काम आहे हे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. 2011 ला मिनिकॉय आणि अगत्तीला असे प्लँट झाले, नंतर आणखी बेटांना. कदमतच्या दीड लाख लिटरच्या प्लँटचं उद्घाटन जानेवारी 2024 मध्ये झालं.

पण गणित मांडा. कवरत्तीचा प्लँट रोज एक लाख लिटरचा म्हणून उभारला. वस्ती 2011 लाच 11 हजारांवर. म्हणजे माणशी नऊ लिटर. पिणं आणि स्वयंपाक, बस. आंघोळ, कपडे, संडास ह्याला तो कधीच नव्हता. आणि ते पंप चालतात विजेवर, वीज मुख्यतः जहाजाने आलेल्या डिझेलवर. नळाची वेळ वाढवा म्हणताना तुम्ही जास्तीचं डिझेल मागत असता. दुसरा प्लँट मिळाला तर चांगलंच, पण त्यासाठी गल्लीने थांबू नये.

माझं म्हणणं असं की बेटावर एका पाण्याने सगळं भागवायचं नसतं. पिण्याला छपराचं आणि नळाचं, वापरायला विहिरीचं, आणि विहिरीत मैला जाऊ द्यायचा नाही. अर्ज ह्याच क्रमाने लिहू नका मात्र. मैल्याचं सगळ्यात आधी लिहा. शोषखड्ड्यांऐवजी तळबंद टाक्या, त्या उपसायची सोय, आणि नवीन घर बांधताना टाकीच्या तळाला सिमेंट आहे का हे बघूनच परवानगी. हे मागायला लोक लाजतात, म्हणून कुठल्याच अर्जात नसतं. नवीन प्लँट मागणारे शंभर अर्ज मी पाहिलेत, संडासाच्या टाकीचा नाही. विहिरीचं पाणी बिघडण्याचं कारण तिथे आहे आणि एकदा बिघडलं की ते स्वच्छ करायला पावसाशिवाय दुसरं कुणी येत नाही.

दुसरी मागणी, गल्लीतल्या सगळ्या विहिरींची तपासणी, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि निकाल घराला लेखी. टीडीएस, क्लोराइड, नायट्रेट आणि ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू. ई. कोलाय 100 मिलिलिटरमध्ये शून्यच हवा.

आता पावसाचं, कारण त्या दोघींचं म्हणणं खोटं नाही. नीट केलं नाही तर वास येतोच. हिशेब आधी बघा. तिथे वर्षाला साधारण 1500 मिलिमीटर पाऊस. तुमच्या कोकणाच्या निम्मा, पण तुमच्या कोकणात तो घाटावरून धावत समुद्राला मिळतो आणि एप्रिलात टँकर येतो. 60 चौरस मीटरच्या छपरावर 1500 मिलिमीटर म्हणजे 90 हजार लिटर. वीस टक्के वाया गेलं तरी 72 हजार. त्यातलं साठवायचं किती? पाच माणसं, माणशी रोज पाच लिटर, कोरडे सहा महिने, म्हणजे साडेचार हजार लिटर. पाच हजारांची एक टाकी. एवढ्यावर प्लँट बंद असतानाही घराचं पिणं अडत नाही.

वास कशाने येतो? पहिल्या पावसात छपरावरची पक्ष्यांची घाण, नारळाच्या झावळ्यांचा कचरा टाकीत जातो म्हणून. पन्हळीचा नळ टाकीकडे वळण्याआधी खाली उभा पाइप सोडा, त्याच्या तळाला बूच. पहिली सर त्या पाइपात भरते, तो भरला की मागचं स्वच्छ पाणी टाकीत वळतं. पाऊस थांबला की बूच काढून पाइप रिकामा करायचा. छपरावर लोंबणाऱ्या झावळ्या तोडायच्या. डासांसाठी टाकीला घट्ट झाकण, आत येणाऱ्या आणि ओसंडणाऱ्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी. बहुतेक जण ओसंडणाऱ्या तोंडाला जाळी लावायला विसरतात आणि डास तिथूनच आत जातात. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, म्हणून पांढरी पारदर्शक टाकी नको.

टाकीतल्या हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आधी बादलीत कालवून निवळ वरची ओतायची, अर्धा तास थांबायचं. आपल्या गावचे जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करतात तशी करून बघा, पिवळा रंग आला पाहिजे. टीसीएल विहिरीत टाकत बसू नका. वाळूतली विहीर भरती-ओहोटीला पाणी बदलते, तुमची पावडर संध्याकाळपर्यंत निघून गेलेली असते. क्लोरीन नेहमी साठवलेल्या पाण्यात.

नुसत्या छपरावरही सगळं टाकू नका. पॅसिफिकमधल्या तुवालू ह्या बेटांच्या देशात 2011 मध्ये पाऊस रुसला, टाक्या आटल्या आणि सरकारला आणीबाणी जाहीर करून पाणी रेशनवर द्यावं लागलं. म्हणून तीन ठिकाणचं पाणी हाताशी असू द्या.

आणि गल्लीने एकत्र काही बांधायचंच असेल तर उभी खोल विहीर किंवा बोअर मागू नका. वाळूत आडवे, भोकं पाडलेले पाइप पाण्याच्या पातळीलगत पसरून त्यांतून अगदी हळू उपसा करतात. पॅसिफिकमधल्याच किरिबाती देशात तारावा बेटावर मोठ्या वस्तीला अशाच आडव्या पाइपांनी पाणी पुरवतात. इंचभर पातळी कुठेच उतरत नाही, कारण ओढ लांबवर वाटली जाते. बेटाच्या मध्यावर, वस्तीपासून दूर, शाळेचं किंवा मशिदीचं मोकळं मैदान असेल तर तिथे हे होऊ शकतं. त्या मैदानात मग शोषखड्डा कधीच होऊ द्यायचा नाही.

माले_रिटर्न

काका, हे सगळं आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मालेत छपरं पुष्कळ आहेत. पाऊसही कमी नाही.

मालवणचो

काका, माझो सल्लो मागे घेतलंय. किल्ल्यावर माझी आतेबहीण दिली आहे, तिकडच्या बावींजवळ पर्यटक वाढल्यापासून संडासांचं काय, हे मी आता तिलाच विचारतो. तिथेही एचटूएसची बाटली लावता येईल ना?

भूजलवाला

लावा, नक्की लावा. बाटली कुठल्याही पाण्याला चालते, कोकणात ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य केंद्रात विचारा. खडकात तर भेगांतून मैला सरळ धावत येतो, वाळूपेक्षा लवकर.

देवरुखकरीणताई, एक घाईची गोष्ट राहिली. अर्जाचं उत्तर येईल तेव्हा येईल, पन्हळी आणि टाकीसाठी त्याची वाट पाहू नका. मेच्या मध्यापासून मालवाहू गलबतं बंद होतात आणि पावसाळाभर सामान येणं अवघड होतं. पाऊस मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला तुमच्या दारात असेल. पीव्हीसीची पन्हळ, कोपरे, क्लॅम्प, जाळी आणि काळी टाकी, आठ-दहा घरांची एकच यादी करून कोचीला आत्ता मागणी द्या. क्लॅम्प स्टेनलेसचे सांगा, लोखंडी खाऱ्या हवेत दुसऱ्या पावसाला गळून पडतात. यादी इथे टाकलीत तर मापं तपासून देतो.